खिडकीसमोरचं अर्धं

माझी मावशी रागीट आहे, असं घरात सगळे म्हणतात. तिला राग कोणी आणला, ते मात्र कोणी सांगत नाही. म्हणून मी सांगते.

मावशीच्या घरामागे वांग्यांचा एक लांब वाफा आहे. सलग दोन वर्षं तिथली झाडं फुलावर आली की माना टाकायची. सकाळी हिरवीगार, दुपारी मलूल, आठवड्यात खलास. मावशीच्या थोरल्या दिरांनी निकाल दिला, "यंदाही मेली, तर तिथे माझ्या नव्या ट्रॅक्टरची शेड." त्यांनी एकदा पंप दुरुस्त केला, तेव्हापासून लोक त्यांना इंजिनियर म्हणतात. लोक चेष्टेने म्हणतात, ते मनावर घेतात.

मावशीने रोपवाटिकेत बारा वर्षं काम केलंय. रोग मातीतच आहे, हे तिने ओळखलं. कोबी काढल्यावर शेतात राहिलेली पानं आणि बुंधे तिने गोळा केले, दोन दिवस बसून कोयत्याने बारीक चिरले, वाफ्यात मिसळून भरपूर पाणी दिलं आणि लगेच वर प्लास्टिक अंथरून कडा मातीने दाबल्या.

"चिरलेल्या कोबीतून उग्र वाफ निघते," ती मला म्हणाली. "ती आत कोंडली की मातीतला रोग दबतो. तीन आठवडे कोणी हात लावायचा नाही."

वास मात्र भयंकर होता, खोटं कशाला बोलू.

पाचव्या दिवशी मावशी बाजारात गेली. इंजिनियरांकडे ट्रॅक्टर विकणारा माणूस येणार होता आणि त्यांच्या बैठकीची खिडकी नेमकी वाफ्यावर उघडते. त्यांनी खिडकी लावली नाही. वारा लागला की वास उडून जाईल म्हणत खिडकीसमोरचं अर्धं प्लास्टिक कापलं, उचललं आणि वर नीट घडी घातली, जणू उपकारच केले. पलीकडे कडक ऊन होतं, तिकडे जायचा त्यांना कंटाळा आला, म्हणून तिकडचं वाचलं. घडी घालताना दुसरं टोक मी धरलं होतं. मोठ्या माणसाला नाही कसं म्हणायचं, म्हणून धरलं. माझ्या त्या हातांचा मला अजून संताप येतो.

मावशी आली, बघितलं. "भाऊजी, तुमच्या खिडकीला कडी नाही का?"

"अगं, पाला तो पाला. झाकला काय, उघडा काय."

तीन आठवड्यांनी मावशीने उरलेलं प्लास्टिक काढलं, माती मोकळी करून तिला वारा लागू दिला, मग सगळीकडे एकाच दिवशी रोपं लावली. फुलं आली आणि खिडकीसमोरच्या झाडांनी माना टाकल्या. पलीकडची, दोन-चार सोडली तर, ताठ उभी होती.

इंजिनियर शेडची जागा मोजायला टेप घेऊनच आले. "म्हटलं नव्हतं?"

मावशीने दोन्हीकडचं एकेक खोड कापलं आणि पाण्याच्या दोन ग्लासांत धरलं. थोड्या वेळाने एकातून दुधासारखे पांढरे धागे खाली उतरू लागले. दुसऱ्यातलं पाणी नितळच राहिलं.

"हे धागे म्हणजे रोग. हा तुमचा ग्लास, हा नितळ माझा." मग तिने त्यांच्या हातातला टेप घेतला आणि एक टोक मला दिलं. "धर. तुला सवय आहे."

मी मान खाली घालून धरलं. मेलेली झाडं संपली तिथे तिने खुंटी ठोकली.

"भाऊजी, इथपर्यंत तुम्ही मारलंत. शेड बांधायचीच असेल तर खिडकीला चिकटून बांधा. उजेड जाईल, पण वास येणार नाही."

शेड झाली नाही. मावशी रागीट आहे, असं अजून म्हणतात. अर्धं पीक मारल्याबद्दल तिची माफी मात्र कोणी मागितलेली नाही. मीसुद्धा नाही.