व्हर्नाने पाहुणा बर्फावर उतरवला

व्हर्ना ह्रिट्सक शाळेची बस चालवते. मागच्या बाकावरच्या पोरांना गप्प करायला जो आवाज लागतो, तोच ती चर्चमध्ये लावते आणि दुकानातही. दुसरा आवाज तिच्याकडे नाहीच, असं अख्खं टेमरिज गाव समजत होतं. पण त्या शनिवारी तिने कुठून तरी साखरेत घोळलेला एक बारीक आवाज पैदा केला. "अहो, बसा ना! अहो, तुम्ही कशाला उठता? कॉफी मी आणते की!" गाव तोंड फिरवून हसत होतं.

पण हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट नव्हती. गावच्या दवाखान्यातली दातांची खुर्ची तीन हिवाळे चादर पांघरून पडली होती. आधी दोन दंतवैद्य आले, पाहुणचार झोडला आणि बायकोला करमेना म्हणून रेजायना शहरात परत गेले. या खेपेलाही कोणी टिकणारं मिळालं नाही, तर ती खुर्ची उचलून दुसऱ्या गावाला द्यायची, असं वरून ठरलं होतं. मग दाढ ठणकली की बर्फाळ रस्त्याने दोन तास गाडी हाका!

आता दातांच्या डॉक्टर रोवेना बाल्बुएना नवऱ्याला घेऊन गाव बघायला आल्या होत्या. व्हर्नाने मनाशी पक्कं केलं, डॉक्टरीणबाईंचं त्या बघून घेतील, आपण नवऱ्याला सांभाळायचं.

नवरा ल्यूसियन घरबसल्या संगणकावर काम करणारा, उंच आणि अबोल. सकाळपासून त्याच्या ताटात बटाट्याच्या पेरोगी करंज्या पडल्या, सॉसेज पडलं, बेरीचा केक दोनदा पडला. प्रत्येक घासाला तो म्हणायचा, "छान आहे." तेही असं, जणू कोणाच्या मयताला आलाय! व्हर्नाने हा सूर ओळखला. आधीच्या डॉक्टरची बायकोही सामान बांधेपर्यंत अस्संच 'छान आहे' म्हणत होती.

दुपारी गावच्या बर्फाच्या हॉलमध्ये ऑस्टबी गावाशी कर्लिंगचा सामना होता. चौघांचा संघ. एकाने मूठ बसवलेला जड दगड बर्फावरून समोरच्या वर्तुळाकडे सोडायचा आणि तो लांब सरकावा म्हणून दोघांनी त्याच्यापुढे झाडूने बर्फ घासत पळायचं. नेमका संघातला ओरेस्ट गाल धरून आला. गाल कसला, भोपळाच!

"मी खेवतो, खेवतो मी!" ओरेस्ट म्हणाला.

"खेळताय कसले? चला खुर्चीवर," म्हणत रोवेनाने त्याला शेजारच्या दवाखान्यात नेलं आणि चादर खस्सकन ओढली.

उरले व्हर्ना धरून तिघं. व्हर्नाने सगळीकडे नजर फिरवली. जे म्हातारे नव्हते, ते आधीच संघात होते. आणि खिडकीशी, मांडीवर हात ठेवून, पाहुणा बसला होता.

तिने झाडू त्याच्या हातात कोंबला.

महापौर एल्मरने तिची बाही ओढली. "अगं व्हर्ना, पाहुणे आहेत ते! घसरले म्हणजे?"

"घसरले तर डॉक्टर शेजारीच आहे!"

व्हर्नाने पहिला दगड सोडला आणि ल्यूसियन झाडू असा फिरवायला लागला, की जणू मांजर गोंजारतोय. व्हर्नाचा साखरेचा आवाज तिथल्या तिथे विरघळला.

"झाड! अरे, झाड ना! घरी कधी केर काढला नाहीस का रे, लांबड्या?"

एल्मरने डोळे मिटले. ल्यूसियन कानापर्यंत लाल झाला, वळला आणि ओरडला, "मग तू दगड सरळ सोड ना, बाई! बस चालवतेस की नांगर?"

हॉल असा उसळला की छपराचे पत्रे वाजले! पुढे तासभर दोघं एकमेकांवर खेकसत होते. ल्यूसियन दोनदा आपटला, उठला, घासत सुटला. शेवटच्या दगडाला टेमरिज हरलं.

ओरेस्टला घेऊन रोवेना परतली, तर तिचा अबोल नवरा घामाघूम होऊन धावत आला.

"रो, आपण जिंकलोच होतो गं! या बाईने शेवटचा दगड वाया घालवला! मार्चमध्ये परत सामना आहे. मी हो म्हटलंय. मंगळवारी सराव."

रोवेनाने त्याच्या अंगावरचा बर्फ झटकला. मग व्हर्नाला म्हणाली, "मार्चपर्यंत तरी ती खुर्ची हलवू नका म्हणून कळवा."

"मार्चनंतर बर्फ वितळला की आमचा बेसबॉल सुरू होतो," व्हर्ना गरजली. "ह्याला धड पळता तरी येतं का?"