पारनेरचे सर

लग्न होऊन बेलापूरला आल्यावर चित्रं सुटली होती. धाकटी शाळेत जायला लागली तेव्हा मी पुन्हा रंग हातात घेतले. दुपारी ओट्याशी उभ्यानं काढायचं आणि मोबाईलवर टाकायचं. माहेरच्या दोघी-तिघी लाईक द्यायच्या, बाकी शांतता. मग एक दिवस पारनेरच्या एका निवृत्त चित्रकला शिक्षकांनी लिहिलं, ‘रेषेत जीव आहे. उद्या डाव्या हातानं काढून बघा.’

काढलं. वेडंवाकडं आलं, पण बघत राहावंसं वाटलं. मग सर रोज काहीतरी सुचवायला लागले. कागदाकडे न बघता काढा. एकच रंग घ्या. वस्तू सोडा, तिच्याभोवतीची मोकळी जागा काढा. मी करत गेले आणि हात सुटत गेला. हळूहळू सरांना मी चित्रापलीकडचंही लिहायला लागले. नवरा मान वर न करता ‘छान’ म्हणतो, तेवढंच, असंही लिहिलं. ‘होईल सवय त्यांनाही,’ असं उत्तर आलं. एकदा भेटायला येते म्हटलं, तर तब्येत बरी नसते म्हणाले. त्यांच्यासाठी मी देवापुढे दिवा लावला होता.

त्या हिवाळ्यात मी खुंटीवरच्या नवऱ्याच्या स्वेटरचं चित्र काढलं. उजवी बाही पुढे, डावी मागे भिंतीकडे दडलेली. सरांनी लिहिलं, ‘डाव्या कोपरावरचं रफू दाखवायला हवं होतं. त्यातच गंमत होती.’

मी चित्र पुन्हा उघडलं. त्यात डावं कोपर दिसतच नव्हतं.

संध्याकाळी नवरा साखर कारखान्यावरून आला. त्याचा चहा होऊ दिला आणि विचारलं, “पारनेरचे सर तुम्हीच ना?”

त्यानं कप खाली ठेवला. म्हणाला, “तुझी चित्रं कुणी बघत नव्हतं. तू हिरमुसायचीस. मी काही म्हटलं असतं तर तुला खरं वाटलं नसतं.” जेवणाच्या सुट्टीत व्हिडिओ बघून तो हे सगळं शोधायचा म्हणे.

“आणि तुमच्याबद्दल मी लिहिलं, ते वाचलंत?”

“वाचलं.”

“तरी दुसऱ्या दिवशी मान वर केली नाहीत.”

तो रिकामा कप उचलून मोरीकडे गेला.

शेजारी राहणाऱ्या जाऊबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, “लई नशीब हाय तुझं. एवढं कोन करतं?” माहेरीही तसंच काहीसं ऐकायला मिळालं. मी ज्यांची काळजी करत होते ते सर कुठेच नव्हते, आणि माझं बोलणं चोरून भलत्यानंच ऐकलं होतं, हे मला कुणाला समजावता आलं नाही. मग सांगणंच सोडलं.

मोबाईलवर चित्रं टाकणंही सोडलं. श्रीरामपूरला काही जण रविवारी बाजारात बसून चित्रं काढतात, त्यांच्यात जाते. तिथे कुणी बघतं, कुणी बघत नाही.

नवरा आता चित्रापाशी येऊन उभा राहतो, नीट बघतो. कधीकधी चूक दाखवतो, आणि ती खरंच चूक असते. मी दुरुस्त करत नाही.