पाच मंगरू आणि एक मंगेश

नाकाडोंगरीच्या फाट्यावर तुमसरला जाणारी एसटी निघायच्या बेतात होती. माझी ट्रंक टपावर चढली होती, मी खिडकीशी जागा धरली होती, आणि खाली उभ्या असलेल्या बाबांच्या एकदम लक्षात आलं की शिदोरीचं फडकं त्यांच्याच हातात राहिलंय. ते ओरडले, "ए मंगरू!" गाडीतून तीन मुंडकी बाहेर आली. रस्त्यापलीकडचा सायकल दुरुस्तीवाला मंगरू हातातली ट्यूब सोडून उठला. कंडक्टर वैतागला. "कोनता मंगरू? नीट सांगा ना बावा!" सगळी गाडी हसली. मी तेवढा हसलो नाही. फडकं आत ओढून घेतलं आणि मान खाली घातली. घर सोडताना पोराच्या डोळ्यांत पाणी येतं म्हणतात. माझे कान तेवढे तापले होते.

ते त्र्याहत्तर साल असावं. मी मॅट्रिक झालो होतो आणि पुण्याला एका सरकारी कचेरीत कारकुनाची नोकरी लागली होती. गावकऱ्यांनो, तुमच्यापैकी जे माझ्याआधी किंवा माझ्यानंतर तुमसर रोडला रेल्वेत बसले, त्यांना हे नाव समजावून सांगायला नको. आमच्याकडे मंगळवारी पोर जन्मलं की मंगरू, बुधवारी जन्मलं की बुधा. पंचांग बघायला सवड कुणाला होती? मी ऐन धानाच्या रोवण्याच्या, म्हणजे लावणीच्या दिवसांत जन्मलो. आई चिखलातून, बांधीतल्या कामावरून घरी आली, मी झालो, वार मंगळवार होता, नामकरण आटोपलं. गावात माझ्याशिवाय एक गुराखी मंगरू, एक पाटलाकडचा गडी मंगरू. गावाच्या उगवतीला होती ती मंगरूची बोडी. ते तळं कुठल्या मंगरूनं खोदलं ते कुणालाच माहीत नव्हतं, पण आमचं धान तिच्याच पाण्यावर पिकायचं. तिच्या पाळीवर एक आंबट आंबा होता, तोही मंगरूच. आणि कहर म्हणजे शेजाऱ्यांचा एक मारका रेडा. त्याला शिव्या पडायला लागल्या की मी घरात दचकायचो.

याच नावापायी मला चिखल्याचा मंगरू भेटला. तो छत्तीसगडातून मँगनीजच्या खाणीत कामाला आलेला, माझ्या बाबांच्या वयाचा, बायको आणि एक पोरगी घेऊन खाणीच्या वसाहतीत राहणारा. मी दहावीत असेन. बाजारात बाबांनी मला हाक मारली आणि शेजारी मिरच्या घेणारा हा माणूस "ओ" म्हणाला. घडलं ते कळल्यावर तो इतका हरखला की हातातली पिशवी खाली ठेवून त्यानं एक नारळ विकत घेतला, फोडला आणि अर्धा माझ्या हातावर ठेवला. त्याच्या मुलखात एका नावाचे दोघं भेटले की ते एकमेकांना नावानं हाक मारत नाहीत. 'सहिनाव' म्हणतात. वय, जात, गाव, काही बघायचं नाही. त्या दिवसापासून सुखदुःखाला भावासारखं उभं राहायचं. बाबांना ही रीत फार आवडली. "आपल्या लोकाइले काहून नाई सुचलं हे?" असं ते महिनाभर म्हणत होते.

मग मी दर रविवारी सायकलनं चिखल्याला जायला लागलो. सहिनावाची पोरगी फुलबाई तेव्हा दहा-अकरा वर्षांची होती. शाळेत जायची, पण अक्षर फार वाईट. मी तिला वळण शिकवलं. ती मला काकाजी म्हणायची. बापाचा सहिनाव म्हणजे काका, मग तो मिसरूड न फुटलेला का असेना! खाणीतून सुटलेला तिचा बाप हातपाय धुऊन यायचा आणि लांब बसून बघायचा. हाताच्या रेषांतला काळा भुगा कधी जायचा नाही, म्हणून तो तिच्या वहीला हात लावत नसे.

मी निघालो त्या दिवशी तोही फाट्यावर आला होता. हसणाऱ्यांत तो नव्हता. खिडकीशी येऊन म्हणाला, "शहरात जाऊन राहिला सहिनाव, तं नाव सांभाळजो. ते माहंबी हाये." मी मान हलवली. गाडी सुटावी एवढंच मनात होतं.

पुण्यात नाव सांभाळायचं म्हणजे काय, हे पहिल्याच सोमवारी कळलं. हजेरीपुस्तकात नाव लिहिताना हेडक्लार्कनी दोनदा विचारलं, "मंगरू? हे घरचं नाव झालं. खरं नाव काय?" मी म्हटलं, हेच. तेव्हापासून शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांनी त्या नावाचे सूर लावून बघितले. मला कुणी वाईट वागवलं असं म्हणवत नाही. थट्टाच होती, आणि डबा खाताना ती मंडळी आपली चटणीही मला वाढायची. पण मी थट्टा करणाऱ्यांवर चिडायचं सोडून नावावर चिडलो. दोन वर्षांत बोली घासून साफ केली. 'मले-तुले' गेलं. तिसऱ्या वर्षी प्रतिज्ञापत्र केलं, राजपत्रात छापून आणलं आणि मंगेश झालो. राजपत्राचा तो अंक घेऊन मी खोलीवर आलो आणि एकट्यानं पेढा खाल्ला.

पुढं सहिनाव गेला. छातीचं दुखणं होतं, भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला. फुलबाईच्या हातचं कार्ड आलं. मी खरोखर रडलो आणि त्याच बैठकीत उत्तर लिहिलं. त्याच्या रीतीत लग्नाच्या टिकावणीला, म्हणजे नवरानवरीचे पाय धुऊन भांडं द्यायच्या वेळी, पहिला मान बापाचा. बाप नसला तर बापाच्या सहिनावाचा. हे त्यानंच मला सांगितलं होतं. म्हणून मी लिहिलं, "फुलबाईच्या लग्नात पहिले पाय मी धुईन. काळजी करू नका." खाली लिहिलं, सहिनाव. लिहिताना छान वाटलं. वचन देताना छानच वाटतं.

लग्नपत्रिका आली ती दोनेक वर्षांनी. नेमके त्या सकाळी माझ्या खोलीत मुलीकडचे लोक बसले होते. म्हणजे आता जी माझी बायको आहे तिचे वडील आणि मामा. त्यांना मी 'मूळचा नागपूरकडचा' एवढंच सांगितलं होतं. पोहे झाले होते, चहा व्हायचा होता. दारात नवीन पोस्टमन आला आणि मोठ्यानं म्हणाला, "मंगरू कोण इथं?"

मामा हसले. "काय काय नावं असतात एकेकाची!"

मी दारात गेलो. पोस्टमनच्या हातात पाकीट होतं. चारही कोपऱ्यांना हळद लावलेली. पत्त्याचं अक्षर मी ओळखलं. का नाही ओळखणार? त्याचं वळण माझ्या हातानं बसवलं होतं. मागे माणसं बसली होती आणि त्यांचं बोलणं थांबलं होतं.

"इथं या नावाचं कोणी नाही," मी म्हटलं.

पोस्टमनच्या दोन्ही हातांत गठ्ठे होते. तो म्हणाला, "मग तसं वर लिहून द्या ना साहेब, बरं पडेल." त्यानं कानावरचं पेन पुढं केलं. नको म्हणता आलं असतं. पाकीट ठेवून घेता आलं असतं, शेजाऱ्याचं आहे म्हणून सांगता आलं असतं. इतक्या युक्त्या मला नंतर सुचल्या. तेव्हा मी दाराच्या चौकटीवर पाकीट टेकवलं आणि स्वच्छ, वळणदार अक्षरात लिहिलं, "या नावाची व्यक्ती येथे राहत नाही." मग आत येऊन मामांना चहा दिला.

उद्या तार करू, असं त्या दिवशी ठरवलं. उद्याचं परवा झालं. लग्नाची तारीखच मला माहीत नव्हती, कारण पाकीट मी फोडलं नव्हतं. ही सबब मी स्वतःला कितीदा दिली असेल, मोजदाद नाही. मग माझं स्वतःचं लग्न ठरलं. बाबांना खोकला होता, एवढा प्रवास झेपणार नाही म्हणून ते आले नाहीत. मीही फार आग्रह केला नाही.

एक्क्याऐंशीच्या दिवाळीनंतर मी एकटाच गावी गेलो. धान कापणी चालू होती. बाबा खळ्यावर बसले होते. ख्यालीखुशाली झाल्यावर म्हणाले, "फुलीच्या लग्नात तुही लय आठवन झाली. तुले रजा नाई भेटली, फुलीनं सांगतलं."

रजेचं मी कधी कुणाला लिहिलंच नव्हतं.

बाबा आता रंगात आले होते. "तिची माय रडून राहिली. पह्यले पाय कोन धुईन? मी म्हटलं, कायले रडतं? मंगरूच पाह्यजे ना? मंगरूइले का तोटा हाये?" आणि मग त्यांनी सांगितलं. लग्नाला तीन दिवस उरले असताना हा माणूस खोकत खोकत गावोगाव फिरला होता. आमचा गुराखी मंगरू, पाटलाकडचा मंगरू, फाट्यावरचा सायकलवाला मंगरू. पलीकडच्या गावचे दोन मंगरू तर त्यांना आधी माहीतही नव्हते, विचारत विचारत शोधले. त्या दोघांनी चिखल्याच्या सहिनावाला जन्मात पाहिलं नव्हतं. बाबांनी त्यांना एवढंच सांगितलं, तुमच्या नावाचा एक माणूस मेला, त्याची पोरगी उजवायची आहे. दोघंही हातातलं काम टाकून आले. पाच मंगरूंनी ओळीनं फुलबाईचे पाय धुतले. कुणी पितळी तांब्या दिला, कुणी वाटी. गुराख्याकडं काही नव्हतं, त्यानं घोंगडी दिली.

"आन् तुह्या नावानं मी भंडाऱ्याहून पान्याचा पितळी गुंड आनला," बाबा म्हणाले. "म्हटलं, माहा मंगरू दूर हाये. नाई तं तोच पह्यले धुता." ते माझ्याकडं इतक्या समाधानानं बघत होते की मला तिथं बसवेना. शेणानं सारवलेल्या त्या खळ्यावर तोंड लपवायला जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी चिखल्याला गेलो. फुलबाईचा नवराही खाणीतच होता, बिऱ्हाड त्याच वसाहतीत. ती दारात तांदूळ निवडत होती. मला बघून उठली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "या मंगेशजी, बसा."

हे नाव मी या मुलखात कुणाला तोंडानं सांगितलं नव्हतं. खाट पुढं ओढून तिनं पाणी दिलं. मी माफी मागायला आलो होतो, शब्द जुळवून आणले होते. ते सगळे पाण्याबरोबर आत गेले.

"वापस आलेलं पाकीट मायच्या हाती नाई पडू देलं," ती आपणच बोलली. "अक्षर वळखलं मी. रजा नाई भेटली म्हनून सांगतलं सगळ्याइले."

"फुले, माझं नाव तुला कसं..."

"तुमच्या बाबाइचे पत्रं कोन वाचते मंग?"

आता मला कळलं. बाबांना वाचता येत नव्हतं; माझी पत्रं त्यांना कोण वाचून दाखवतं, हे मी कधी विचारलंच नव्हतं. बाजाराच्या दिवशी पत्र खिशात घालून ते हिच्याकडं यायचे. आणि मी, आळसानं म्हणा, ऐटीत म्हणा, गेली काही वर्षं बापाला लिहिलेल्या पत्राखालीही 'आपला मंगेश' अशीच सही ठोकत होतो. बाबा त्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत, म्हणजे त्यांना चाललं, असा माझा समज.

"त्याइले नाई माहीत अजून," फुलबाई म्हणाली. "खाली मंगेश रायते, मी मंगरू वाचतो."

मी म्हटलं, चुकलो. आणखी काय काय म्हटलं, आठवत नाही. ती सूप हलवत ऐकत होती. रागावली असती तर बरं झालं असतं. निघताना मी विचारलं, "बाबांना सांगणार आहेस का?"

"मी कायले सांगू?" ती म्हणाली. "पन तुमी येवढे शिकलेले. मले किती दिवस खोटं वाचाले लावता?"

तिनं मला एकदाही काकाजी म्हटलं नाही.

पुण्याला परतल्यावर मी बाबांना पत्र लिहिलं आणि खाली 'आपला मंगरू' अशी सही केली. खोटं का सांगू? नावाची एवढी साधी तीन अक्षरंही सुबक येईनात. तेव्हापासून बाबा गेले त्या सत्याऐंशी सालापर्यंत एकही पत्र मी दुसऱ्या सहीचं पाठवलं नाही. फुलबाईला मी एवढंच देऊ शकलो. बाकी माझ्यात फार सुधारणा झाली असं समजू नका. दारावरची पाटी मंगेशचीच आहे. मुलांना त्यांच्या वडिलांचं जुनं नाव ठाऊक नाही. हे लिहितानाही बायको खोलीत आली तेव्हा मी कागदावर वर्तमानपत्र ओढलं.

तुम्ही जे मागे राहिलात, ते विचारता की आता घर कुठलं मानतोस. शेत चुलतभावाकडं आहे, आमचं खोपट पडलं. तरी घर म्हटलं की मला तोच मुलूख दिसतो, जिथं मी नसताना पाच परक्या माणसांनी माझं काम केलं आणि एका पोरीनं वर्षानुवर्षं माझं नाव राखलं. तिथं जायचा मला हक्क आहे, असं कुणीही म्हणेल. मीच तुमसर रोडचं तिकीट काढतो, आणि रद्द करून येतो.