कुंकवाचं बोट आणि गायब बटण

परवा नातीच्या लॅपटॉपवर प्रोग्रामचा एक फॉर्म, म्हणजे पडद्यावर दिसणारं पान, नुसत्या अक्षरांत उघडलेला दिसला. बटणं, चौकटी, सगळ्यांच्या जागा आकड्यांत लिहिलेल्या. मला ते गायब बटणच आठवलं बघा.

नव्वदीतलं कल्याण. दुकानावरच्या खोलीत आमचं सॉफ्टवेअरचं ऑफिस, माणसं तीन. सर, सुलभा आणि मी. दसऱ्याला आम्ही चालू कॉम्प्युटरचीच पूजा केलेली. दुसऱ्या दिवशी बघतो तर सुलभाने दवाखान्यासाठी केलेल्या प्रोग्राममधलं औषधाची चिठ्ठी छापायचं बटणच गायब! आणि चार वाजता त्या दवाखान्याचे डॉक्टर काम बघायला येणार.

"उडून गेलं काय?" सर ओरडले. "सापडलं नाही तर उद्यापासून येऊ नकोस."

"आईशप्पथ सर, मी हातसुद्धा नाही लावला!" सुलभा रडकुंडीलाच आली.

फॉर्मची फाईल साध्या मजकुरासारखी उघडता येते, हे मी माझं मीच शोधलेलं. ओळी चाळत गेले. बटण होतं की, पण डावीकडच्या अंतरापुढे उणे आकडा. म्हणजे ते फॉर्मच्या बाहेर सरकलेलं. तेव्हा मला आठवलं, पूजेच्या वेळी सुलभाच्या कॉम्प्युटरवर हाच फॉर्म उघडा होता, आणि माउसला कुंकू लावताना माझं बोट दाबलं गेलेलं आणि माउस घसरलेला. बंद करताना कॉम्प्युटरने बदल ठेवायचे का विचारलं, तेव्हा घाईत हो म्हणणारीही मीच.

आकडा बदलला, बटण जागेवर आलं. सुलभाने मला मिठीच मारली.

"अगं, तू नसतीस तर आज माझी नोकरी गेली असती!"

तेव्हा वाटलं, वाचवलं ना तिला, मग सांगायचं कशाला? आता वाटतं, सर तिथेच उभे होते, एक वाक्य तर बोलायचं होतं.

मी म्हटलं, "असू दे गं."