मोरिता-सानसाठी काळी फीत

आता कुठल्या तोंडाने सांगू तुम्हाला! पस्तीस वर्षं बातमीदारी केली, भल्याभल्या मंत्र्यांशी भांडलो. पण माझी खरी फजिती झाली ती जपानात, बेसबॉलच्या मैदानावर.

पुण्यातली निम्मी पोरं कॉम्प्युटरच्या कामासाठी जपान गाठत होती, तेव्हाची गोष्ट. आमचे जावई केदारराव त्यांतलेच. मी आणि आमची ही महिनाभर त्यांच्याकडे टोकियोजवळच्या ग्योतोकुला गेलो होतो.

शनिवारी जेवताना केदारराव म्हणाले, "बाबा, उद्या ऑफिसच्या मॅचला आमच्या मशीनची चाचणी आहे. कॅमेरा चेंडू बघणार, कॉम्प्युटर निकाल देणार. मोठे साहेब येणारेत. त्यांना पटलं तरच काम पुढं चालेल."

"आणि अंपायर?"

"मोरिता-सान. सान म्हणजे आपलं 'राव'. सत्तरीचे आहेत. मशीन कानात सांगेल ते पुकारतील."

"म्हणजे पोपट! म्हाताऱ्या माणसाचा पोपट करता?"

"बाबा, ऐकून तर घ्या..."

ऐकतो कोण? एसटीपासून बँकांपर्यंत सगळे संप मी पाहिलेले! सकाळी लेकीची जुनी काळी ओढणी फाडली, पट्टी दंडाला बांधली आणि मैदानाच्या कडेला ताठ उभा राहिलो. मूक निषेध! आपल्याकडे काळी फीत दिसली की साहेबाला घाम फुटतो की नाही?

इथं काय व्हावं? मोरिता-साननी मला पाहिलं, टोपी काढली आणि कमरेत वाकले. पाठोपाठ दोन्ही संघ रांगेत! टोप्या हातात, माना खाली. मोठे साहेबसुद्धा! माझा ऊर भरून आला. काय ही कामगारांची एकजूट!

तेवढ्यात केदारराव धावत आले, चेहरा पांढराफटक. "बाबा, कोण गेलं?"

"कोण जाणार?"

"अहो, इथं घरात कुणी वारलं की काळी फीत बांधतात! तुमच्या दुःखात चाचणी नको म्हणतायत सगळे. आणि मोरिता-सानना मोतीबिंदू झालाय. मशीन त्यांनीच मागितलं होतं, अजून दोन वर्षं मैदानावर येता यावं म्हणून!"

धरणी दुभंगली असती तर आनंदाने आत गेलो असतो.

मशीनविना मॅच सुरू झाली. केदारराव बॅटिंगला. चेंडू आला तो जवळजवळ जमिनीला घासत. मोरिता-साननी हात उंचावला, "स्ट्राइक!" म्हणजे चेंडू म्हणे अगदी योग्य उंचीवर!

आणि कोण ओरडलं? मीच! "अहो, दिसतंय का काही? लावा ते मशीन!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. केदाररावांनी चटकन जपानीत सांगितलं, "सासऱ्यांची विनंती आहे, आमच्यासाठी चाचणी थांबवू नका." शोकातल्या वडीलधाऱ्याचा शब्द! मोठे साहेब वाकले, मशीन सुरू झालं, मोरिता-सान कानात यंत्र घालून खणखणीत निकाल देऊ लागले. निषेधाला गेलेल्या माणसाच्या हस्ते उद्घाटन!

मॅच संपल्यावर मोरिता-सान स्वतः माझ्यासाठी चहा घेऊन आले आणि हळूच काहीतरी म्हणाले.

"विचारतायत," केदारराव म्हणाले, "गेलेली व्यक्ती फार जवळची होती का?"

मी फीत सोडली. "सांगा त्यांना, माझी अक्कल गेली. आणि जवळची म्हणाल, तर आमचं येणंजाणं तसं कमीच होतं."