उद्घाटनाआधीचा पूल

सामना संपला आणि आम्ही स्टेडियममधून थेट फलाटावर उतरणाऱ्या नव्या पुलावर अडकलो. पूल आम्हा प्रेक्षकांसाठीच बांधलेला. पण टोकाला उद्घाटनाची फीत होती आणि ती कापणारे मंत्री यायचे होते. मागे इतकी गर्दी दाटली, की परतही फिरता येईना. खाली कोल्हापूरची गाडी उभी होती. शेजारच्या मामांना सकाळी फाउंड्रीत पहिली पाळी गाठायची होती.

"साहेब, खालनं वाकून जाऊ काय?" त्यांनी फितीपाशी उभ्या हवालदाराला विचारलं.

"फीत तुटली तर माझी नोकरी जाईल, मामा."

मामा थांबले. नव्वद मिनिटं पंचाला शिव्या घालणारी आम्ही माणसं बोटभर रेशमापुढे गप्प उभी होतो. तटबंदीला दगड लागतात, हा माझा गैरसमज होता. गाडीने शिट्टी दिली. मंत्री आले असं समजून फलाटावरच्या बँडने स्वागताची धून धरली आणि मामांची गाडी वाजतगाजत निघून गेली.