मैनाच्या फोनवरचे ठोके

वज्रेश्वरीच्या एसटी थांब्याजवळ मैनाचा पीसीओ होता. लहानपणी पोलिओने डावा पाय गेला, पुढे अपंगांच्या कोट्यातून बूथ मिळाला, आणि बारा वर्षं ती कुबडी भिंतीला टेकवून त्या पिवळ्या खोक्यात बसत आली होती.

२००४ साली शेजारच्या पाड्यावरच्या काळूरामला हार्ट अटॅक आला. ठाण्याच्या डॉक्टरांनी घरी सोडताना एक छोटं यंत्र दिलं. छातीला लावलं की ते ठोके नोंदवून घ्यायचं. मग फोनच्या रिसीव्हरशी धरून बटण दाबलं की बारीक शिट्टी वाजायची आणि तिकडे दवाखान्यात कागदावर ईसीजी उमटायचा. दर मंगळवारी काळूराम आणि त्याची बायको काशी मैनाकडे येत.

एका शुक्रवारी दुपारी मात्र काशी त्याला धरूनच घेऊन आली.

"चक्कर येतंय यांना. डोल्यापुढं अंधारी हाय म्हनतात."

मैनाने त्याला स्टुलावर बसवलं, ठोके घेतले, नंबर लावला.

"नुसत्या रेघोट्या आल्यात," डॉक्टर म्हणाले. "मागे कसली घरघर आहे? बंद करून पुन्हा पाठवा."

थांब्यावर भिवंडीची गाडी इंजिन चालू ठेवून उभी होती. मैना कुबडी घेऊन उठली.

"ड्रायव्हरदादा, दोन मिनिटं गाडी बंद करा. मानसाचं कालीज फोनवर हाय!"

ड्रायव्हरने काळूरामचा घामेजलेला चेहरा पाहिला आणि किल्ली फिरवली. न सांगता उतारूही गप्प झाले. शिट्टी वाजली.

"मिळाला. बघून फोन करतो."

दहा मिनिटं काशी नवऱ्याची पाठ चोळत राहिली. घंटी वाजली तशी मैनाने रिसीव्हर उचलला.

"अटॅक नाही," डॉक्टर म्हणाले. "ठोके मंद झालेत. मंगळवारी वाढवलेली गोळी जास्त होतेय. ती थांबवा आणि उद्या पुन्हा पाठवा. चक्कर वाढली तर थेट इकडे आणा."

"वैनी, अटॅक न्हाय! गोलीमुलं झालंय!"

काशी पायरीवर बसली आणि पदरात तोंड घालून रडली.

"मी म्हनलो नव्हतो, ही गोली सोसत न्हाय?" काळूराम पुटपुटला.

"तुमी गप ऱ्हावा!"

अजून गाडी थांबवून बसलेल्या ड्रायव्हरने खिडकीतून विचारलं, "काय ताई?"

"बरं हाय! जावा आता!"

दुसऱ्या दिवशी ठोके वर आले. त्या वर्षीच्या भातकापणीला काळूराम बांधावर बसून सगळ्यांवर ओरडत होता, हे काशीनेच हसत हसत येऊन मैनाला सांगितलं.